छोटी बोट खोल समुद्रात न्यावी की नाही? क्रमाने ठरवण्याची पद्धत

"बावीस फुटी फायबर आहे, पंचवीस एचपीचं मशीन आहे, बाहेर जाईल ना?" हा प्रश्न रत्नागिरी-सिंधुदुर्गात दर मोसमात विचारला जातो आणि उत्तर बहुतेक वेळा बोटीची लांबी आणि इंजिनाची ताकद ऐकूनच दिलं जातं. या दोन आकड्यांवरून बोट किती वेगाने जाईल ते कळतं. दुपारी वारा वाढल्यावर, माल भरलेला असताना, तळात वीतभर पाणी असताना ती परत येईल का, ते त्यांतून कळत नाही. खाडीत झकास चालणारी बोट बाहेरही चालेल हा दुसरा गैरसमज.

या लेखात धरलेली बोट अशी: २२ ते २४ फुटी उघडी फायबर बोट, एकच आउटबोर्ड (मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं) इंजिन, चार माणसं, किनाऱ्यापासून १२ ते १५ सागरी मैलांवर (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर) साधारण १५-२० वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पाण्यात गरवायला जाऊन त्याच दिवशी परत. तुमची बोट वेगळी असेल तर आकडे बदला, क्रम बदलू नका. आधीच्या टप्प्यात नापास झालेल्या बोटीवर पुढच्या टप्प्याचा खर्च करण्यात अर्थ नाही.

## टप्पा १ : आधी सफर ठरवा, मग बोट बघा

एका कागदावर चार गोष्टी लिहा: किती मैल, किती माणसं, किती वाजता परतीला लागणार, आणि परतीच्या वेळी खाडीच्या मुखाशी भरती असेल की ओहोटी. बोटीची परीक्षा या कागदासमोर घ्यायची. "बोट चांगली आहे" या वाक्याला एरवी काही अर्थ नाही. तीच बोट दोन माणसांना घेऊन पाच मैलांवर चांगली आणि पाच माणसांना घेऊन पंधरा मैलांवर धोक्याची असते.

परतीची वेळ सगळ्यात महत्त्वाची. पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, किनाऱ्याजवळ पाणी गुळगुळीत दिसतं, आणि बोट वाऱ्याच्या दिशेनेच बाहेर जाते. दुपारनंतर वायव्येचा खारा वारा उठतो, फेब्रुवारी ते मे तर जोरातच. म्हणजे सकाळची अर्धी सफर सोपी आणि दुपारची अर्धी अवघड, हे कोकणात गृहीत धरूनच चालायचं. बोट पास करायची ती दुपारसाठी.

## टप्पा २ : वजनाचा हिशेब

लोक माणसं मोजतात आणि बाकीचं विसरतात. एक नमुना घ्या. चार माणसं ३०० किलो. पेट्रोल ७० लिटर, म्हणजे सुमारे ५२ किलो. बर्फ आणि पेटी १२० किलो. जाळी, गऱ्या, दोर ८० किलो. नांगर आणि त्याचा दोर ३० किलो. पाणी, जेवण, हत्यारं २० किलो. झाले ६०० च्या वर. त्यात परतीचा मासा १५० किलो धरला तर ७५० किलो, आणि इंजिन अजून यात नाही.

पुढच्या सगळ्या चाचण्या एवढं वजन बोटीत ठेवून करायच्या. माणसांऐवजी वाळूची पोती चालतात, फक्त ती माणसं जिथे बसतात तिथेच ठेवा. सगळी पोती मधोमध तळात रचली तर बोट शहाण्यासारखी वागेल आणि तुमची फसगत होईल.

## टप्पा ३ : वाळूवर ओढलेल्या बोटीची तपासणी

जुनी बोट घेताना रंग नवा दिसला की आधी संशय घ्या. ताज्या रंगाखाली तडे लपतात.

इंजिन टांगलेलं असतं ती मागची फळी सर्वांत आधी बघायची. बऱ्याच बोटींत फायबरच्या आत प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी शिरून ते आतल्या आत कुजतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. लाकडी हातोडीने वितीवितीवर ठोका. घट्ट भागावर आवाज टणक येतो, कुजलेल्या भागावर बद्द येतो. मग इंजिन अर्धवट वर उचलून त्याचं खालचं टोक धरा आणि वरखाली हलवा. इंजिनाबरोबर फळी लवत असेल, किंवा बोल्टच्या भोवती तपकिरी पाणी पाझरल्याचे डाग असतील, तर तिथेच थांबा.

नंतर तळ आणि बाजू ठोकून घ्या, आतल्या आडव्या फळ्या जिथे बाजूला जोडल्या आहेत ते सांधे बघा, बुच काढून तळात बादलीभर पाणी ओतून ते खाली कुठे गळतंय का बघा. नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाजवळ, नांगराचा दोर बांधायची कडी नुसत्या स्क्रूवर असेल तर ती काढून आरपार बोल्ट आणि मागून पट्टी लावून बसवा.

तपासा: इंजिनासाठी मागची फळी कापून खाच केलेली असते. आखूड शाफ्टच्या इंजिनाला ती उंची १५ इंच, म्हणजे ३८ सेंटिमीटर लागते, लांब शाफ्टला २० इंच. आता भरलेली बोट मागच्या बाजूला १५-२० सेंटिमीटर पाण्यात बसते. आखूड शाफ्टची खाच असेल तर समुद्र आणि बोटीचा आतला भाग यांत जेमतेम वीतभर फळी उरते. खाचेच्या पुढे आडवा बंदिस्त कप्पा नसेल तर अशी बोट बाहेर नेऊ नका.

## टप्पा ४ : शांत पाण्यातल्या तीन चाचण्या

सकाळी, वारा नसताना, भरती-ओहोटीच्या मधल्या स्तब्ध वेळात करा. बोट तळाला टेकता कामा नये, दोर सैल हवेत, दुसऱ्या होडीला किंवा धक्क्याला घासता कामा नये.

पहिली, कड किती वर आहे. पूर्ण वजन ठेवून पाण्यापासून कडेपर्यंतची उंची सर्वांत खालच्या जागी मोजा. या आकाराच्या उघड्या बोटीला मी मध्यभागी अर्ध्या मीटरच्या खाली उंची मान्य करत नाही. कोणी ४० सेंटिमीटरवर जातात, आणि बहुतेक दिवस परतही येतात.

दुसरी, सगळे एका बाजूला. चारही माणसांना एकाच कडेला बसवा. मोठा मासा गरीला लागला की नेमकं हेच होतं, सगळे वाकून बघतात. अशा वेळी खालची कड पाण्यापासून निदान वीतभर वर राहिली पाहिजे. पाणी आत आलं किंवा बोट तिरकी होऊन तशीच राहिली, सरळ व्हायला वेळ घेऊ लागली, तर माणसं कमी करा आणि पुन्हा करा.

तिसरी, डोलण्याचा वेळ. ही चाचणी फार कमी लोक करतात आणि हिच्यातून सर्वांत जास्त कळतं. एक जण कडेवर पाय देत-काढत बोट डोलवायला लागतो. डोलणं लयीत आलं की त्याने थांबायचं आणि सगळ्यांनी स्तब्ध बसायचं. डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे म्हणजे एक डोल. पाच डोलांना किती सेकंद लागले ते मोबाइलवर मोजा आणि पाचाने भागा. आलेला आकडा (सेकंद) बोटीच्या रुंदीपेक्षा (मीटर) कमी असेल तर सुरुवातीची स्थिरता बहुधा पुरेशी आहे.

समजा रुंदी १.९ मीटर. सगळं वजन तळात आणि माणसं बसलेली असताना पाच डोलांना ८ सेकंद लागले, म्हणजे एका डोलाला १.६. ठीक. आता बर्फाची पेटी फळीवर चढवली, जाळं तिच्यावर टाकलं, दोघं उभे राहिले. पाच डोलांना ११ सेकंद, म्हणजे २.२. बोट नापास. वजन तेवढंच आहे, फक्त ते वर गेलं आहे. पेटी तळात घ्या, माणसांना बसवा, पुन्हा मोजा.

इशारा: संथपणे, आरामात डोलणारी बोट लोकांना आवडते. "झोके देत नाही, मस्त बसते" असं म्हणून विकलीही जाते. वस्तुस्थिती उलटी आहे. झटक्यात परत येणाऱ्या बोटीत सरळ होण्याची ताकद असते. आळसावलेली, कडेला जाऊन क्षणभर तिथेच रेंगाळणारी बोट उलटायच्या जवळ असते. आधी झटक्याने डोलणारी बोट समुद्रात अचानक संथ डोलू लागली तर तळात पाणी झालंय का ते आधी बघा.

त्या पाण्याचं वजनही लक्षात घ्या. साडेचार मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद तळावर दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळपास ५६० लिटर. अर्ध्या टनाहून जास्त वजन, आणि तेही बोट जिकडे कलेल तिकडे धावणारं.

उलांडीच्या होडीला (तोल राखायला बाजूला आडव्या काठ्यांवर लाकूड बांधलेल्या) डोलण्याचा हिशेब लागू होत नाही. तिथे उलांडीचं लाकूड, आडव्या काठ्या आणि बांधणीचे दोर हीच परीक्षा. दोर दर मोसमाला नवे.

## टप्पा ५ : बोट पाण्याने भरली तर?

फायबर पाण्यापेक्षा जड आहे. बोटीत तरंगणारा फोम किंवा हवाबंद कप्पे नसतील तर भरलेली बोट इंजिनासकट खाली जाते. "अनसिंकेबल आहे, बुडत नाही" असं विकणारा सांगतो, पण फोम कुठे आहे ते दाखवू शकत नाही.

हिशेब सोपा आहे. फायबरचं वजन पाण्यात साधारण एक तृतीयांश उरतं. ४५० किलोच्या बोटीचे १५०. इंजिन हवेत ५० किलोचं असेल तर पाण्यात सुमारे ३५. नांगर, साखळी, हत्यारं यांचे २५. चार माणसं अर्धं अंग पाण्याबाहेर ठेवून धरून राहिली तर प्रत्येकी ३५ धरून १४०. एकूण ३५०. एक लिटर फोम जवळपास एक किलो तोलतो, म्हणून थोडी भर धरून ४०० लिटर. पेट्रोल, बर्फ आणि लाकूड तरंगतात, त्यांची चिंता नको.

फोम कुठे आहे हेही बघा. सगळा तळाखाली असेल तर पाण्याने भरलेली बोट उलटी होऊन तरंगते. तो दोन्ही कडांच्या खाली, वरच्या बाजूला आणि मागे इंजिनाजवळ हवा. जुना फोम स्पंजासारखा भिजलेला असतो. एका कोपऱ्यातून तुकडा काढून पिळा. पाणी आलं तर तो तोलणार नाहीच, वर बोटीचं वजन वाढवत बसेल.

फोम भरणं परवडत नसेल तर २० लिटरचे रिकामे, घट्ट झाकणाचे कॅन फळ्यांखाली आणि कडेला बांधा. वीस कॅन म्हणजे ४०० लिटर. नुसते कोंबू नका, प्रत्येक कॅन दोराने बांधा, नाहीतर बोट भरल्यावर ते एकेक करून निघून जातात.

शेवटी कंबरभर पाण्यात बोट खरोखर भरून बघा. इंजिन काढून तेवढं वजन मागे टांगा, बुच उघडा, भरू द्या. दोन्ही कडा पाण्याच्या वर राहिल्या आणि बादलीने पाणी उपसता आलं तर पास. नाळ वर आणि मागची बाजू तळाला गेली तर फोम मागे हलवा.

## टप्पा ६ : इंजिन आणि इंधन

कंपनीचा आकडा किंवा मित्राचा अंदाज घेऊ नका. टाकी काठोकाठ भरा, पूर्ण वजनाने एक तास चाला, पुन्हा काठोकाठ भरा. जितकं पेट्रोल लागलं तो तुमचा आकडा. टू-स्ट्रोक पंचवीस एचपीचं मशीन पूर्ण वेगात तासाला दहा-बारा लिटर सहज पितं.

आता १५ मैलांची सफर मांडा. जाताना दहा नॉट (ताशी दहा सागरी मैल), दीड तास. येताना लाटांमुळे सहा नॉट धरा, अडीच तास. चार तासांचे दहा लिटरने ४० लिटर, बोट इकडेतिकडे हलवायला आणखी ५. जुना नियम असा की एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश शिल्लक. म्हणजे या सफरीला ७० लिटर. ते दोन वेगळ्या टाक्यांत ठेवा, पाण्याने खराब झालेलं पेट्रोल सगळंच निकामी करू नये म्हणून.

एक इंजिन म्हणजे एकच संधी. दुसरं छोटं पाच-आठ एचपीचं इंजिन असेल तर त्याला स्वतःची टाकी हवी आणि भरलेली बोट घेऊन त्याच्यावर निदान अर्धा तास चाललेलं हवं. तसं नसेल तर जोडीच्या बोटीशिवाय बाहेर जायचं नाही. प्लग, पंख्याची पिन, इंधनाचा फिल्टर, सुरू करायची दोरी आणि हे सगळं हलत्या बोटीत बदलू शकणारा माणूस, हे सामान इंजिनाबरोबरचंच समजा. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बारीक पडत असेल तर इम्पेलर (ते पाणी खेचणारा आतला पंखा) बदलल्याशिवाय निघू नका.

## टप्पा ७ : समुद्रातली चाचणी

पहिल्यांदा दोन मैलांच्या आत, जोडीला दुसरी बोट ठेवून. समोरून, बाजूने आणि मागून येणाऱ्या लाटांत चालवा. मागून येणाऱ्या लाटेत नाळ पाण्यात घुसून बोट आडवी वळायला बघते का, हे खास बघा. परतीच्या वाटेवर हीच लाट भेटते.

मग इंजिन बंद करा आणि पंधरा मिनिटं काही करू नका. आउटबोर्डची बोट बहुधा मागची बाजू लाटेकडे करून किंवा आडवी पडून वाहत राहते. खाचेवरून किती पाणी आत येतं ते मोजा. बंद पडलेल्या इंजिनासह तुमचे पुढचे चार तास असेच जाणार आहेत.

त्यानंतर नांगर. दोर खोलीच्या पाचपट तरी हवा: २० वाव म्हणजे ३६ मीटर पाण्याला १८० मीटर, टोकाला काही मीटर साखळी. एवढा दोर बोटीत नाही असं बहुतेकांच्या इथे लक्षात येतं. नांगर नेहमी नाळेवरून टाका.

इशारा: मासे सोयीने काढता यावेत म्हणून नांगर मागून टाकण्याची सवय जीवघेणी आहे. एक लाट खाचेवरून आत आली की मागची बाजू जड होते आणि दुसरी लाट उरलेलं काम करते.

## टप्पा ८ : खाडीचं मुख

कोकणातल्या कितीतरी खाड्यांच्या मुखाशी वाळू साचलेली आहे. बाहेर पंधरा मैलांवर काही न झालेली बोट शेवटच्या दोनशे मीटरमध्ये उलटते. ओहोटीचं पाणी बाहेर धावतंय आणि वारा-लाटा आत येतायत, अशा वेळी त्या वाळूवर लाट उभी राहते आणि फुटते. उधाणाच्या ओहोटीला तर जास्तच.

म्हणून टप्पा एकच्या कागदावर परतीची वेळ भरतीची ठेवायची. तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब (तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ) मुंबईसाठी ढोबळ बरोबर आहे. दक्षिणेकडे भरती मुंबईच्या आधी येते, तेव्हा तुमच्या बंदराचं कोष्टकच बघा. ओहोटीला पोचलात तर बाहेर थांबण्याइतकं इंधन आणि उजेड हाताशी आहे का? नसेल तर सफर लहान करा.

## टप्पा ९ : हवामानाची तुमची स्वतःची मर्यादा

"मच्छीमारांना इशारा नाही, म्हणजे जायला हरकत नाही" हा सर्वांत महागडा गैरसमज. त्या इशाऱ्यांत ४५-५५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचे आकडे असतात. बावीस फुटी बोट त्याच्या निम्म्या वाऱ्यात बेजार होते. बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढेपर्यंत तुम्ही घरी असायला हवं.

हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज रोज बघा. छोट्या नौकांसाठी त्यांची वेगळी सूचनासेवा आहे. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: अंदाजातली लाटेची उंची ही सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. दीड मीटर लिहिलं असेल तर मधूनच एखादी लाट जवळपास तीन मीटरची येऊ शकते. या लेखातल्या बोटीला मी एक मीटर लाट आणि ताशी २५ किलोमीटर वारा ही वरची हद्द धरतो, आणि अंदाज परत आल्यानंतरच्या चोवीस तासांपर्यंत त्या हद्दीत हवा. २००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा मोसम ऐन भरात होता, हे कोकण किनाऱ्याला वेगळं सांगायला नको.

## टप्पा १० : संपर्क आणि कागद

मोबाइलवर भिस्त ठेवू नका, बाहेर रेंज जाते. व्हीएचएफ रेडिओ सेट (संकटाला १६ नंबरचं चॅनल), संकट-संदेश देणारं डॅट यंत्र किंवा ट्रान्सपॉन्डर, प्रत्येकाला अंगावर घातलेलं लाइफ जॅकेट, रात्री सर्व बाजूंनी दिसणारा दिवा, हातपंप आणि दोन बादल्या. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. निघताना घरी एकाला परतीची वेळ लेखी द्या आणि किती उशीर झाला की फोन करायचा तेही.

मत्स्यव्यवसाय विभागाची नोंदणी, परवाना, विमा, माणसांची ओळखपत्रं बोटीत प्लास्टिकच्या पिशवीत. पैसे घेऊन पाहुण्यांना नेणार असाल तर मासेमारीचा परवाना चालत नाही, महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जा.

## नापास झालेल्या बोटीचं काय

निकाल "हो" किंवा "नाही" असा लावू नका. माणसं किती, मैल किती, लाट किती, हे तीन आकडे काढा आणि ते न पुसणाऱ्या रंगाने बोटीच्या आत, सुकाणू धरणाऱ्याच्या समोर लिहा. इंजिन बदललं, पेटी मोठी घेतली, फळी चढवली की चौथा टप्पा पुन्हा.

कुजलेली मागची फळी बदलता येते, फोम भरता येतो, खाचेपुढे कप्पा बांधता येतो. मोठं इंजिन मात्र उपाय नाही, त्याने मागची बाजू आणखी खाली बसते. कडेवर प्लायवूड चढवून बोट उंच करणं त्याहून वाईट. कड वर जाते, पण वजनही वर जातं, आणि डोलण्याचा वेळ वाढतो. रुंदी तर कशानेच वाढत नाही. वजन खाली आणि कमी करूनही जी बोट डोलण्याच्या चाचणीत बसत नाही ती खाडीतच वापरा, आणि विकायची झाली तर घेणाऱ्याला पाच डोलांचे सेकंद सांगून विका.